घाटात ब्रेक मऊ पडतात: डिस्क मोठ्या कराव्यात की आधी दुसरं काही?

कोकणवाट

नमस्कार मंडळी,

गाडी २०१७ ची डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही, मॅन्युअल, ८२,००० किमी. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम, टायर २१५/६० आर१६, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणा) आहे. शहरात ब्रेकची काही तक्रार नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना पाच माणसं आणि डिकी भरलेली असली, की खालच्या टप्प्यात पेडल मऊ पडतं आणि नेहमीपेक्षा बरंच खाली जातं. पुढच्या चाकांतून जळका वास येतो. अर्धा तास थांबलं की पेडल बऱ्यापैकी पूर्ववत होतं. शिवाय हायवेवर ९० च्या पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं.

एका गॅरेजने पॅकेज सुचवलंय: पुढे भोकं आणि खाचा पाडलेल्या मोठ्या डिस्क, सिरॅमिक पॅड, मागचे ड्रम काढून तिथेही डिस्क. खर्च लाखाच्या घरात जातो. कुटुंबाची गाडी आहे, रेसिंग करायचं नाही. भरल्या गाडीने घाट निर्धास्त उतरता यावा एवढंच हवंय. हे पॅकेज घ्यावं का? नसेल तर नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने करावं?

---

घाटवळण

पॅकेज आत्ता घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतच अर्धं निदान आहे.

ब्रेक तापून कमी पडण्याचे दोन वेगळे प्रकार असतात. एकात पेडल नेहमीसारखं कडक राहतं, पाय दाबून धरला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. तो पॅडचा दोष. पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की घर्षण घटतं. साध्या पॅडमध्ये हे साधारण ३०० ते ३५० अंशांच्या पुढे सुरू होतं. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ पडतं आणि खाली जातं. तो ब्रेक ऑइलचा दोष. कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतलं) ऑइल उकळून वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल परत येतं. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी तंतोतंत जुळतं. जळका वास पॅडचा, म्हणजे पॅडही मर्यादेजवळ पोचलेत, पण पेडल खाली नेणारं ऑइलच आहे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, मुख्यतः रबरी होजमधून (ब्रेकच्या नळ्यांतून) आणि टाकीच्या झाकणातून. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असावा लागतो. ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तोच किमान १५५ वर येतो. डॉट ३ मध्ये हे आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल दोन वर्षांनी किंवा ४०,००० किमीला बदलायचं असतं ते यासाठी. आपल्याकडे बहुतेक सर्व्हिसमध्ये टाकीत वरून भर घालतात आणि बिलावर टिक करतात. कॅलिपरमधलं जुनं ऑइल, जे खरं तापतं, ते तसंच राहतं.

आता उष्णता किती तयार होते ते पाहा, म्हणजे मोठी डिस्क हे उत्तर का नाही ते कळेल. भरलेली गाडी १,६०० किलो धरा. ताशी १०० वरून पूर्ण थांबवायला सुमारे ६.२ लाख जूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. तीच गाडी उभ्या उंचीत १०० मीटर उतरली की सुमारे १५.७ लाख जूल मोकळे होतात. म्हणजे प्रत्येक १०० मीटरला शंभरच्या वेगावरून अडीच वेळा करकचून थांबण्याइतकी उष्णता. महाबळेश्वर ते पोलादपूर हा फरक १,२०० मीटरच्या वर आहे. त्यातला काही भाग टायरचा रोध आणि हवा खाते. उरलेला एक तर इंजिनने घ्यायचा, नाही तर ब्रेकने. तिसरा पर्याय नाही.

म्हणून गिअर. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. आंबेनळीच्या तीव्र टप्प्यांत दुसरा गिअर, वेग ३० ते ३५, इंजिन साधारण २,५०० फेऱ्यांवर. इंजिनचा आवाज वाढला म्हणून घाबरायचं कारण नाही, ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आधुनिक डिझेल त्या फेऱ्यांवर इंधनही टाकत नाही. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वेग ४० वर गेला की ठामपणे दाबा, २५ वर आणा, पूर्ण सोडा. दोन दाबांमधल्या मोकळ्या वेळात डिस्कच्या पोकळ्यांतून हवा फिरते आणि पॅडकडून ऑइलकडे जाणारी उष्णता थांबते. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणं पूर्ण वर्ज्य. इंजिन बंद म्हणजे बूस्टरचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याचा) व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि नंतर पेडल लाकडासारखं होतं.

उतारावरच पेडल खाली गेलं तर: पटापट तीन-चार वेळा पंप करा, प्रत्येक पंपाला थोडं ऑइल पुढे जाऊन पेडल वर येतं. एकेक गिअर खाली, हँडब्रेक बटण दाबून धरून टप्प्याटप्प्याने ओढा, डोंगराच्या बाजूला थांबा. मग तासभर थांबा, अर्धा तास पुरत नाही. डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढला तर ड्रम गार होऊन आकसताना लायनर चिकटू शकतो.

---

पाना_सतरा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. आता हाताने करायचं काम, क्रमाने. कोणताही भाग विकत घेण्याआधी हे मोजून घ्या.

आधी घरी दोन चाचण्या. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबून एक मिनिट धरा. गाडी थंड असताना पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं (पेडलला जोडलेल्या, ऑइल ढकलणाऱ्या पंपाचं) वॉशर आतून सोडतंय, ऑइल बदलून उपयोग नाही. दुसरी: इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल दाबा, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक.

मग पुढची चाकं काढा. सपाट जमीन, मागच्या चाकांना दगड, जॅकवर गाडी उचलली की खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालायचा नाही. आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळे मोजा. नव्या पॅडचा मसाला १० मिमीच्या आसपास असतो आणि ३ ला बदलायचा, ही शहराची गोष्ट झाली. घाटाला निघताना ४ ते ५ मिमीच्या खाली नको. मसाला जेवढा पातळ तेवढी उष्णता पिस्टनपर्यंत लवकर पोचते.

डिस्कची जाडी साध्या व्हर्नियरने मोजू नका, कडेला न झिजलेला उंचवटा राहतो त्यावर व्हर्नियरचा जबडा बसतो आणि आकडा जास्त येतो. मायक्रोमीटरने, कडेपासून एक सेंटीमीटर आत, सहा ते आठ ठिकाणी मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. एकाच डिस्कवर जाडीत शतांश मिलिमीटरचा फरक आला तरी स्टिअरिंगला थरथर जाणवते. 'डिस्क वाकली' असं सगळे म्हणतात, प्रत्यक्षात ती क्वचित वाकते. हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या मधल्या भागाच्या) तोंडावर गंज किंवा माती बसलेली असते, डिस्क त्यावर तिरकी बसते, दर फेरीला पॅडला एकाच जागी घासते आणि हजारो किलोमीटरमध्ये ती जागा पातळ होते. दुसरं कारण, तापलेल्या पॅडचा मसाला डिस्कवर एका ठिकाणी छापला जाणं. घाट उतरून चहाला थांबलात आणि पाय पेडलवर दाबून उभे राहिलात की हे होतं.

कॅलिपरच्या दोन्ही स्लायडर पिन बाहेर काढून बघा. कोकणात जाणाऱ्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतो. बूट फाटतो, पावसाचं पाणी आणि खारी हवा आत जाते, पिन गंजते. मग कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड एकटाच काम करतो आणि ब्रेक सोडल्यावरही घासत राहतो. पिन बोटांनी आत-बाहेर सरकली पाहिजे. जुनं ग्रीस पुसून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा, पातळ थर. साधं बेअरिंगचं ग्रीस अजिबात नाही: ब्रेकमधलं रबर पेट्रोलियम ग्रीसने फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. एका पिनवर रबरी बुश असेल तर ती पिन त्याच भोकात परत गेली पाहिजे, अदलाबदल नको.

पॅड बदलताना कॅलिपर होजवर लटकता ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे ढकलायच्या आधी ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावून निपल सोडा, म्हणजे कॅलिपरमधलं काळं ऑइल बाटलीत जाईल, उलटं एबीएस युनिटमध्ये नाही. पॅड ज्या स्टीलच्या क्लिपवर सरकतात त्या नव्या घाला आणि त्यांच्याखालचा गंज तारेच्या ब्रशने खरवडा. नवा पॅड हाताने सरकेल एवढा सैल बसला पाहिजे, हातोडीने ठोकून बसवलेला पॅड सुटणार नाही. हबचं तोंड चकचकीत होईपर्यंत घासा. शक्य असेल तर डायल गेज लावून रनआउट (फिरताना डिस्क किती डुलते ते) बघा, ०.०५ मिमीच्या आत हवा. जास्त आला तर डिस्क हबवर एक बोल्ट पुढे फिरवून पुन्हा मोजा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुधारतो. व्हील नट टॉर्क रेंचनेच घट्ट करा, या वर्गातल्या गाड्यांना साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. टायरवाल्याच्या हवेच्या गनने नट वेगवेगळ्या जोराने आवळले जातात आणि नवी डिस्कही थरथरायला लागते.

मागचे ड्रम कोणी उघडत नाही, ते उघडा. काळी धूळ साबणाच्या पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने धुवा, हवेने फुंकू नका, ती फुफ्फुसात जाते. व्हील सिलिंडरचा बूट उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर बदला. आपोआप ॲडजस्ट होणारी चक्री अनेकदा गंजून थांबलेली असते. मग लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढतं, पेडलचा अर्धा प्रवास मागचं अंतर भरून काढण्यातच जातो, आणि पुढच्या डिस्कवर भार वाढतो. चक्री साफ करून, ड्रम बसवल्यावर चाक फिरवताना हलका घासल्याचा आवाज येईल इतपत ॲडजस्ट करा. पेडल निम्म्याने वर आल्यासारखं वाटेल, आणि याला खर्च फक्त मजुरीचा.

ऑइलसाठी एक लिटर घ्या. टाकीतलं जुनं सिरिंजने काढून नवं भरा, मग चाकाचाकाने. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सर्वसाधारण क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही कंपन्या तिरप्या सर्किटप्रमाणे वेगळा क्रम देतात, मॅन्युअलचा क्रम शेवटचा शब्द. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोज न वापरल्या जाणाऱ्या भागात खरबरीत गंज असतो, पेडल तळापर्यंत दाबलं की वॉशर त्यावर घासून फाटतं. टाकी किमान रेषेखाली एकदाही जाऊ देऊ नका. हवा एबीएस युनिटमध्ये गेली तर ती काढायला स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. क्लचही हायड्रॉलिक असेल तर बहुधा याच टाकीतून ऑइल घेतो, त्याचंही ब्लीड करा (जुनं ऑइल आणि हवा काढा). आणि रंगावर सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो.

---

टॉर्क_आणि_त्रिज्या

पॅकेजबद्दल लिहितो, कारण 'मोठं म्हणजे चांगलं' हा समज महागात पडतो.

डिस्क २८० ची ३०० मिमी केली तर पॅडचा दाब पडतो ती सरासरी त्रिज्या साधारण ११५ वरून १२५ मिमी होते. म्हणजे त्याच पेडलला सुमारे ९ टक्के जास्त टॉर्क. पण थंड गाडीवर तुम्ही आजही एबीएस चालू होईपर्यंत ब्रेक लावू शकता ना? मग पकड संपते ती टायरची, ब्रेकची नाही. थांबायचं अंतर या ९ टक्क्यांनी एक मीटरही कमी होणार नाही. मोठ्या डिस्कचा खरा फायदा वजनाचा आहे: जास्त लोखंड, म्हणून तीच उष्णता घेऊन ती कमी तापते. हा फायदा खरा आहे, पण तुमच्या बाबतीत दुसरा गिअर तो फुकट देतो.

कॅलिपर बदलला तर आणखी गुंता. पिस्टन ५७ चा ६० मिमी केला की क्षेत्रफळ जवळपास ११ टक्के वाढतं. मास्टर सिलिंडर तोच, म्हणजे तेवढंच जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि पेडल आणखी खाली जातं. नेमकी तुमची तक्रार वाढवणारी गोष्ट. पुढचा ब्रेक मागच्याच्या तुलनेत जोरदार झाला की पुढची चाकं आधी पकड सोडतात, एबीएस लवकर मध्ये येतं आणि मागच्या टायरची पकड वापरलीच जात नाही. कंपनीने एबीएस आणि ईबीडीचा हिशेब मूळ कॅलिपर, मूळ डिस्क धरून बसवलेला असतो. १६ इंची चाकात मोठा कॅलिपर मावेल का, हा प्रश्न आणखी वेगळा.

ड्रम काढून मागे डिस्क हे तर सगळ्यात वाईट सौदा. ड्रममध्ये फिरणारा ड्रम लायनरला स्वतःच आत ओढतो, त्यामुळे कमी दाबात काम होतं. डिस्कला तो फायदा नाही, तिला जास्त दाब लागतो, आणि तो मास्टर सिलिंडर आणि ईबीडीच्या हिशेबात धरलेला नाही. हँडब्रेकची केबल, हब, सेन्सरची जागा, सगळंच बदलावं लागतं. जोरात ब्रेक लावल्यावर वजन पुढे झुकतं, अशा गाडीत मागच्या चाकांचं काम फार तर चौथा-तिसरा हिस्सा. तेवढ्यासाठी नीट ॲडजस्ट केलेला ड्रम पुरून उरतो.

भोकं पाडलेल्या डिस्क रस्त्यावर नकोतच. भोकं पाडणं म्हणजे उष्णता साठवणारं लोखंड काढून टाकणं, आणि तापणं-गार होणं वारंवार झालं की भोकांच्या कडेपासून बारीक तडे निघतात. खाचांच्या डिस्क पावसात पॅडवरचं पाणी पुसतात, एवढं ठीक, पण आवाज आणि पॅडची झीज वाढते. चांगल्या प्रतीची साधी व्हेंटिलेटेड डिस्क घ्या.

कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. मागचा ब्रेकच बदललेली गाडी अपघातानंतर विमा सर्व्हेअरपुढे उभी राहिली की वाद अटळ. त्याच मापाचे चांगले पॅड, डिस्क, होज आणि ऑइल घालणं ही दुरुस्ती आहे, त्यात हा धोका येत नाही.

---

कोकणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. चाकं उघडून मोजून घेतली. आकडे देतो.

पुढे डावी डिस्क २०.३ मिमी, उजवी २०.६. डिस्कवर किमान २० कोरलंय. डावीकडे आतला पॅड ३ मिमी, बाहेरचा ६. उजवीकडे दोन्ही ५ च्या आसपास. डावीकडची खालची पिन हाताने हलतच नाही. मागे लायनर भरपूर शिल्लक आहेत, पण दोन्हीकडच्या चक्र्या गंजल्यात. मास्टर सिलिंडर आणि बूस्टरच्या चाचण्या ठीक आल्या. ब्रेक ऑइल बदलल्याची सर्व्हिसच्या कागदांत कुठेही नोंद नाही, रंग चहासारखा आहे.

आता प्रश्न: पॅड कोणते घ्यावे? सिरॅमिक खरंच चांगले का? डिस्क लेथवर फेस करून चालतील का? आणि स्टीलच्या जाळीचे होज घालावेत का?

---

पाना_सतरा

डिस्क फेस करू नका. डावीत ०.३ मिमीच शिल्लक आहे, लेथवर दोन्ही बाजू सपाट करताना ती २० च्या खाली जाणार. नव्या डिस्क, मूळ मापाच्या, दोन्ही बाजूंना एकदम. नव्या डिस्कवर गंज रोखायला तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा, नाही तर पॅड पहिल्या दिवशीच तेल पितील.

आतला ३ आणि बाहेरचा ६ म्हणजे अडकलेल्या पिनचाच पुरावा. ती पिन, दोन्ही बाजूंचे बूट आणि क्लिप बदला. पिनचं भोक आत गंजून खड्डे पडले असतील तर कॅलिपरचं ब्रॅकेटच बदला, घासून काही महिने जातील, मग पुन्हा तेच. पिस्टनही बघा: सी-क्लॅम्पने एकसारखा मागे गेला पाहिजे, अडकत किंवा तिरका जात असेल तर सील आणि बूटचा किट घाला.

होज: गाडी इतकी जुनी झालीय म्हणजे रबरी होज बदलायच्या वयाच्या आहेतच. स्टीलच्या जाळीचे घातलेत तर पेडल थोडं कडक होईल, पण त्यातला मोठा हिस्सा कंपनीचे नवे रबरी होज घालूनही मिळतो. जाळीच्या होजचं आतलं वय बाहेरून दिसत नाही आणि नीट क्लिप न केल्यास जाळी सस्पेन्शनला घासते. कुटुंबाच्या गाडीला कंपनीचे रबरीच घ्या. युनियन बोल्टचे तांब्याचे वॉशर मात्र दर वेळी नवे.

---

घाटवळण

पॅडबद्दल. पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर एक कोड छापलेला असतो, त्याच्या शेवटी दोन अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातलं घर्षण, दुसरं जास्त तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. तुम्हाला एफएफ हवा. एफई म्हणजे तापल्यावर घर्षण एक पायरी खाली, घाटाला तोच दोष. जीजी पॅड चांगले, पण थंड असताना पहिलाच ब्रेक जास्त झटकन लागतो, घरातल्या बाकीच्या चालवणाऱ्यांना सवय नसते. ही अक्षरं प्रयोगशाळेतल्या लहान तुकड्यावरून दिलेली असतात, त्यामुळे तेवढ्यावरच विसंबू नका. पण कोडच नसलेला पॅड हातात घेऊ नका.

सिरॅमिक हा शब्द दुकानात फार सैल वापरला जातो. खऱ्या सिरॅमिक पॅडचे गुण म्हणजे कमी धूळ, कमी आवाज, डिस्कची कमी झीज. शहरासाठी उत्तम. भरल्या गाडीने लांब उतार उतरणाऱ्याला चांगला सेमी-मेटॅलिक किंवा कंपनीचाच पॅड जास्त भरवशाचा. धूळ जास्त पडेल, चाकं काळी होतील, ते चालवून घ्या. खरेदी कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवरून किंवा ओळखीच्या वितरकाकडूनच. बनावट पॅडची पेटी हुबेहूब असते, पण मसाला लोखंडी पाठीपासून सुटतो, आणि तो सुटतो तापल्यावरच.

ऑइल डॉट ४ पुरेसं. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांना पातळ, क्लास ६ चं डॉट ४ येतं, त्याचे किमान आकडे २५० आणि १६५ आहेत, तेही चालेल आणि घाटाला उत्तमच. डॉट ५.१ सुद्धा ग्लायकोलचंच, २६० आणि १८०. फक्त डॉट ५ नको: ते सिलिकॉनचं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसला चालत नाही. नावात दशांशाचा फरक आहे, दुकानदाराकडून डबा हातात घेऊन वाचा. उघडलेला डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका.

नवे पॅड आणि डिस्क बसल्यावर गाडी जॅकवरून उतरवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरून गाडी मागे घेतली की पहिला ब्रेक रिकामाच जातो. मग मोकळ्या रस्त्यावर, पहाटे, ६० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही, मध्ये अर्धा-एक किलोमीटर गार होऊ द्यायचं. नंतर ८० वरून २० पर्यंत जरा जास्त जोराने सहा-आठ वेळा. शेवटी दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला जवळजवळ हात न लावता चालवा. याने पॅडच्या मसाल्याचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो. हे न करता थेट घाटात गेलात तर थर डागाडागांनी बसेल आणि तुमची थरथर नव्या डिस्कवरही हजर होईल. पहिले ३०० किमी भरली गाडी घाटात नेऊ नका.

---

रबर_आणि_रस्ता

टायरवर अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. थांबायचं अंतर कमी करायचं असेल तर एवढ्या खर्चात सगळ्यात जास्त फरक टायर पाडतो. कायद्याने खाचेची खोली किमान १.६ मिमी लागते, पण पावसाळ्यात कोकणात उतरायचं तर ३ मिमीला बदला. टायरच्या बाजूवरचे तारखेचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २०१७ चेच टायर असतील तर खाच कितीही शिल्लक असो, रबर कडक झालंय आणि ओल्या रस्त्यावर घसरणार. भरल्या गाडीसाठी हवेचा दाब वेगळा असतो, तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. टपावर कॅरिअर लावून सामान ठेवत असाल तर एकूण वजन गाडीच्या कमाल मर्यादेत आहे का तेही एकदा वजनकाट्यावर तपासा, पाच माणसं आणि भरलेली डिकी झाली की फार थोडं शिल्लक राहतं.

---

स्वयंचलित

याच धाग्यात एक विचारतो. आमच्याकडे पेट्रोल सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) आहे. त्यात दुसरा गिअर कुठून आणायचा?

---

घाटवळण

लिव्हरवर एल, एस किंवा मॅन्युअल मोड असेल तो उतार सुरू होण्याच्या आधी घ्या, वेग वाढल्यावर नाही. सीव्हीटीमध्ये एल म्हणजे इंजिन जास्त फेऱ्यांवर ठेवणं, तेच हवंय. पेट्रोल इंजिन ॲक्सिलरेटर सोडल्यावर व्हॅक्यूमविरुद्ध काम करतं म्हणून रोध देतं, पण तो फेऱ्यांबरोबर वाढतो. त्यामुळे ३,५०० ते ४,००० ला घाबरू नका. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप टाकणारी) असेल तर मॅन्युअल मोडमध्ये स्वतः दुसऱ्यावर आणा, ऑटोत ती उतारावर वरचा गिअर टाकते. हायब्रिडमध्ये बॅटरी भरली की मोटरचा रोध कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो, तिथे बी मोड असेल तर तो सुरुवातीपासून वापरा.

---

पाना_सतरा

@कोकणवाट, काम झाल्यावर पहिला घाट उतरून खाली आलात की इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकं मोजा. डिस्कच्या चकचकीत भागावर रोखू नका, तिथे आकडा खऱ्यापेक्षा खूप कमी येतो. डिस्कचा मधला गंजलेला टोपीसारखा भाग किंवा पॅडची कड धरा. आकडा किती यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक बघा. पुढच्या दोन चाकांत ४०-५० अंशांच्या वर फरक आला तर जास्त तापलेल्या बाजूची पिन किंवा पिस्टन पुन्हा उघडा. मागचे दोन्ही ड्रम अगदीच गार असतील तर चक्री अजून अडकलेली आहे.